कन्यागणनेचे कागद

जुन्या घराण्यांच्या वंशावळी ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस पुढील गोष्ट नवी नाहीं. मूळ पुरुषापासून खालीं उतरलेल्या रेघा पुत्रांच्या नांवांनीं भरलेल्या असतात. कन्येची रेघ बहुधा निघतच नाहीं, आणि निघालीच तर ‘कन्या २’ एवढ्यावर संपते. तिचें नांव काय, ती कोणत्या घरांत दिली, किती वर्षें जगली, यांपैकीं कांहींहि कळण्यास मार्ग राहत नाहीं. पाणिनीय व्याकरणांत एकशेष म्हणून एक वृत्ति सांगितली आहे. माता व पिता यांचा एकत्र निर्देश ‘पितरौ’ या शब्दानें करतां येतो, पुत्र व कन्या यांचा ‘पुत्रौ’ या शब्दानें होतो. पुरुषवाचक शब्द उरतो, स्त्रीवाचक गळतो. परंतु तेथें वैयाकरणांनीं एक न्याय पाळला आहे. शब्द गळला तरी अर्थ गळत नाहीं. द्विवचनाचा प्रत्यय गळलेल्या व्यक्तीची साक्ष देत राहतो. आमच्या दप्तरांतून गळलेल्या कन्येच्या वांट्यास तें द्विवचनहि आलेलें नाहीं.

राजदप्तरांची तऱ्हा याहून फार निराळी नव्हती. खानेसुमारी म्हणजे मुळांत घरांची मोजदाद. ज्यावर पट्टी बसवावयाची किंवा जें लष्कराच्या उपयोगीं पडावयाचें तें आधीं मोजलें जावें, हें राज्यकारभाराच्या दृष्टीनें स्वाभाविक होतें. ज्याचें प्रयोजन नाहीं त्याची यादी होत नाहीं, आणि ज्याची यादी नाहीं त्याविषयीं हुकूमहि सुटत नाहीं. प्रमेयाची सिद्धि प्रमाणाच्या आधीन असते हें नैयायिकांचें मत राज्यनीतीसहि तितकेंच लागू पडतें. मग कन्या मोजाव्या असें या देशांत कोणास व कां वाटलें, त्या मोजणीनें राज्याची नीति कितपत बदलली, आणि ते आंकडे कितपत विश्वसनीय आहेत, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे. स्त्रीपुरुषसमता मोजण्याचे जे प्रकार हल्लीं प्रचारांत आहेत त्यांचें मूळ या देशापुरतें या जुन्या कागदांत आहे, असें आमचें मत आहे.

(१) जाडेजांची मोजणी

हकीकतीचा आरंभ काशीकडील आहे. इ. स. १७८९ सालीं काशीचा रेसिडेंट जोनाथन डंकन यास असें आढळलें कीं, जौनपुराकडील राजकुमार नांवाचे रजपूत आपल्या नवजात कन्या मारून टाकतात. त्यानें त्यांजकडून ही चाल सोडल्याबद्दल करार लिहून घेतला, आणि १७९५ सालच्या बंगाल सरकारच्या कायद्यानें हें कृत्य मनुष्यवध ठरलें. त्याच सालीं डंकन मुंबईचा गव्हर्नर झाला. तेथें आल्यावर काठेवाड व कच्छ या प्रांतांतील जाडेजा रजपुतांतहि हीच चाल असल्याचें त्याच्या कानीं आलें. बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर हा १८०७-०८ सालीं गायकवाडांच्या फौजेसह काठेवाडांत गेला. मराठ्यांची सालोसालची मुलूखगिरी बंद करून खंडणीचा कायम आकार बांधणें हें त्याचें मुख्य काम होतें. त्या कामाबरोबरच १८०८ सालीं त्यानें जाडेजा ठाकुरांकडून कन्यावध सोडल्याचे करार घेतले. म्हणजे खंडणीचा आंकडा व कन्यांचा प्रश्न हे दोन्ही एकाच स्वारींत हाताळले गेले. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

खंडणीचा आंकडा ठरला, कन्यांचा मात्र ठरला नाहीं. दर वर्षीं किती मुली मारल्या जातात, असें वॉकरनें विचारलें असतां कोणी वीस हजार सांगितल्या, कोणी पांच हजार. एकाच वेळीं एकाच अधिकाऱ्यास मिळालेल्या उत्तरांत चौपट अंतर! पुढें १८०९ सालीं वॉकर पुन्हां त्या प्रांतीं गेला तेव्हां कांहीं जाडेजांनीं आपल्या वांचविलेल्या मुली त्याच्या छावणींत आणून दाखविल्या. हा प्रसंग नंतरच्या लेखकांनीं मोठ्या गहिंवरानें वर्णिला आहे, आणि तो हृदयंगम आहे यांत संशय नाहीं. परंतु साधनचिकित्सेच्या दृष्टीनें पाहतां त्यापासून एवढेंच सिद्ध होतें कीं, ज्या मुली आणल्या त्या जिवंत होत्या. ज्या आणल्या नाहींत त्यांविषयीं तो प्रसंग मूक आहे. पुढें चौकशी झाली तेव्हां करारानंतर वांचलेल्या मुलींची संख्या फारच थोडी निघाली. करार होता, पण तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्याचें माप नव्हतें.

तें माप १८३४ च्या सुमारास आलें. काठेवाडचा पोलिटिकल एजंट विलोबी यानें जाडेजांची शिरगणती करविली, मुलगे व मुली यांचे रकाने निरनिराळे मांडविले, आणि जन्म, विवाह व मृत्यु यांची नोंद सालोसाल येत राहावी अशी व्यवस्था केली. दंडाच्या रकमांतून एक फंड पूर्वींच उभा झाला होता. मुली वांचविणाऱ्यांस त्यांतून लग्नखर्चास मदत देण्यांत येऊं लागली. या योजनेंतील मुख्य कल्पना अशी होती कीं, बाळंतिणीच्या खोलींत घडलेल्या वधाचा साक्षीदार मिळणें बहुधा अशक्य असे. कुटुंबांतील मुलग्यांचा रकाना हाच आतां मुलींच्या रकान्याविषयीं साक्ष देऊं लागला. एका घरीं आठ मुलगे व मुलगी एकहि नाहीं, असें झाल्यास तो योगायोग म्हणतां येईल. शंभर घरीं तेंच आढळलें तर म्हणतां येणार नाहीं. संख्येपासून अनुमान काढून राज्यानें आपली नीति ठरविल्याचें इतकें स्पष्ट उदाहरण या देशाच्या दप्तरांत त्याआधींचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

या कागदांचा उपयोग करणाऱ्यांत एक नांव आम्हां सर्वांस आदरणीय आहे. अजिंठ्याच्या कोरीव लेखांचें वाचन करणारे, आणि ज्यांच्या स्मरणार्थ संस्कृत पोथ्यांचा एक संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं वैद्यकीची पदवी मिळविण्यापूर्वींच काठेवाडांतील कन्यावधावर निबंध लिहून सरकारचें बक्षीस मिळविलें होतें. तो निबंध १८४७ सालीं मुंबईस छापला गेला. पोथ्या जमविणें व कन्यांचा हिशेब विचारणें हीं दोन कामें त्या विद्वानास परस्परविरोधी वाटलीं नाहींत. या विषयाचा विस्तृत इतिहास पुढें १८५५ सालीं डॉ. जॉन विल्सन यांनीं प्रसिद्ध केला.

तथापि विलोबीच्या मोजणींत एक व्यंग होतेंच. जन्ममृत्यूची वर्दी द्यावयाची ती त्याच ठाकुरांनीं, ज्यांवर संशय होता. ज्या कागदाचा लेखक स्वतः वादांतील पक्षकार आहे त्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवीत नाहीं. वतनाच्या तंट्यांतील कैफियती वाचतांना जी सावधगिरी आपण बाळगतों तीच येथेंहि बाळगली पाहिजे.

(२) लपविल्या कीं मेल्या?

१८७० सालीं हिंदुस्थान सरकारनें कन्यावधप्रतिबंधाचा आठवा कायदा केला. तो प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब यांस लागू झाला. ज्या गांवांत किंवा कुळांत मुलींचें प्रमाण ठराविक मर्यादेच्या खालीं आढळेल तेथें जन्ममृत्यूंची नोंद सक्तीची करावी, लग्नखर्चास आळा घालावा, आणि जरूर तर जादा पोलिस ठेवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून घ्यावा, अशी त्याची योजना होती. आतां संख्या केवळ अनुमानाचें साधन राहिली नाहीं. ती शिक्षेची पायरी झाली. ज्या आंकड्यावर शिक्षा अवलंबून आहे तो आंकडा फुगविण्याचा मोह त्याच क्षणीं उत्पन्न होतो, हें येथें लक्षांत घ्यावें.

पुढें १८७१-७२ सालीं सर्व देशाची पहिली शिरगणती निरनिराळ्या वेळीं झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८१ या एकाच तारखेस धरून दुसरी झाली. तेव्हांपासून असें दिसून आलें कीं, युरोपांतील बहुतेक देशांत पुरुषांहून स्त्रिया अधिक असतां या देशांत त्या कमी भरतात. याचें कारण काय? एक पक्ष म्हणे कीं, घरधनी परक्या मनुष्यास बायकामुलींची संख्या सांगत नाहीं, म्हणून ही तूट केवळ कागदावरची आहे. दुसरा पक्ष म्हणे कीं, तूट खरी आहे. मुलींची हेळसांड, अल्पवयांतील बाळंतपणें व अतिश्रम यांमुळें स्त्रिया अधिक मरतात. १९११ सालच्या शिरगणतीचे प्रमुख गेट यांनीं पहिल्या पक्षाचें खंडन केलें; तरीहि वाद मिटला नाहीं.

या वादाचा निकाल आंकड्यांच्या ओळीनेंच दिला असें आम्हांस वाटतें. आजच्या भारताच्या हद्दीपुरतें पाहतां दर हजार पुरुषांमागें स्त्रिया १९०१ सालीं ९७२ होत्या, १९२१ सालीं ९५५, १९४१ सालीं ९४५, १९६१ सालीं ९४१ आणि १९७१ सालीं ९३०. सत्तर वर्षांत हजारीं ४२ ची घट. लपविण्याची चाल हेंच जर कारण असतें तर पडदा विरळ होत गेला, शाळा वाढल्या, तसतसा आंकडा चढावयास हवा होता. तो उलट उतरत गेला. प्रवीण विसारिया यांनीं १९६१ सालच्या शिरगणतीच्या आधारें लिहिलेल्या ग्रंथांत गणनेंतील चूक व स्थलांतर हीं दोन्ही कारणें तपासून, तुटीचें मुख्य कारण स्त्रियांचा अधिक मृत्यु हेंच असल्याचें दाखविलें. ज्यांस शतकभर लपविलेल्या समजलें जात होतें त्या पुष्कळशा मेलेल्या होत्या.

(३) व्याख्येचा प्रभाव

१९७१ सालीं केंद्र सरकारनें स्त्रियांच्या स्थितीचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली. डॉ. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा व डॉ. वीणा मजुमदार सचिव होत्या. १९७४ च्या अखेरीस तयार झालेला तिचा अहवाल ‘समतेकडे’ या अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. घटनेनें समता दिली त्यास पाव शतक होऊन गेलें, तरी स्त्रियांचें संख्याप्रमाण व उद्योगांतील त्यांचा वांटा हीं दोन्ही घसरत आहेत, असें त्या अहवालानें दाखविलें. सहाव्या पंचवार्षिक योजनेंत (१९८०-८५) स्त्रियांसाठीं स्वतंत्र प्रकरण आलें, त्यामागें या आंकड्यांचा मोठा भाग होता.

परंतु याच सुमारच्या कागदांत साधनचिकित्सेस योग्य असें एक विलक्षण स्थळ आहे. १९६१ सालच्या शिरगणतींत काम करणाऱ्या स्त्रियांची जी संख्या होती ती १९७१ सालीं जवळजवळ निम्म्यावर आली. दहा वर्षांत देशांतील निम्म्या कष्टकरी बायका खुरपें टाकून घरीं बसल्या काय? तसें मुळींच नाहीं. १९६१ सालीं हंगामांतील बहुतेक दिवस रोज तासाहून अधिक काम करणारी व्यक्ति कामकरी धरली होती. १९७१ सालीं ‘तुमचें मुख्य काम काय?’ असा प्रश्न विचारला गेला. सकाळीं भाकरी, दुपारीं निंदणी, संध्याकाळीं गुरांचें पाणी, असा जिचा दिवस, तिचें मुख्य काम घरकाम म्हणून लिहिलें गेलें, आणि ती कामकऱ्यांच्या रकान्यांतून गळली. बाई तीच, शेत तेंच, प्रश्न बदलला. पोथ्यांचे पाठभेद जुळवितांना लेखकाचा प्रमाद कोठें शिरला हें आपण शोधतों, तसाच हा शोध आहे. फरक एवढाच कीं येथील पाठभेदानें कोट्यवधि माणसांचा व्यवसाय बदलतो.

घरकामाची गणति तर याहूनहि उशिरां झाली. घर चालविणारी स्त्री शिरगणतीच्या वर्गीकरणांत भिकारी, वेश्या व कैदी यांच्या पंक्तीस बसविली गेली होती; त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत खेद व्यक्त केला. १९९८-९९ सालीं सहा राज्यांत व २०१९ सालीं देशभर, लोक दिवसाचा वेळ कसा घालवितात याची पाहणी झाली. २०१९ च्या पाहणीप्रमाणें घरचें विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांस त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें लागत, आणि असें काम करणाऱ्या पुरुषांस ९७. जें आजवर प्रत्येक घरीं डोळ्यांनीं दिसत होतें तें येथें प्रथम कागदावर उतरलें.

(४) एकच वर्ष, दोन साक्षी

२००१ व २०११ या दोन शिरगणत्या शेजारीं मांडून पाहाव्या. दर हजार पुरुषांमागें स्त्रिया १९९१ सालीं ९२७ होत्या, त्या २००१ सालीं ९३३ व २०११ सालीं ९४३ झाल्या. हा रकाना पाहणारा म्हणेल कीं स्थिति सुधारली. आतां सहा वर्षांखालील मुलांचा रकाना पाहावा. तेथें दर हजार मुलग्यांमागें मुली १९९१ सालीं ९४५, २००१ सालीं ९२७ व २०११ सालीं ९१९. वडील स्त्रिया अधिक जगूं लागल्या, त्याच काळांत मुली जन्मासच येईनाशा झाल्या. महाराष्ट्राचा हा दुसरा आंकडा १९९१ सालीं ९४६, २००१ सालीं ९१३ व २०११ सालीं ८९४ होता. बीड जिल्ह्याचा २०११ सालीं ८०७. काठेवाडांत जें जन्मानंतर होत असे तें गर्भजलपरीक्षा व पुढें सोनोग्राफी यांच्या साह्यानें जन्मापूर्वीं होऊं लागलें, एवढाच भेद.

याविरुद्ध कायदा करण्यांत महाराष्ट्र देशांत पहिला. मुंबईंतील स्त्रीसंघटनांच्या चळवळीनंतर १९८८ सालीं येथें गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा झाला, आणि १९९४ सालीं केंद्राचा झाला. तरी वरील आंकडे उतरतच राहिले. येथें १८०८ च्या करारांची आठवण होते: लेख होता, पण पडताळा नव्हता. २००० सालीं सेहत व मासूम या महाराष्ट्रांतील संस्था व एक कार्यकर्ते यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, आणि २००१ पासून न्यायालयानें यंत्रांची नोंद व नियमित अहवाल यांविषयीं राज्यांस हुकूम दिले. २०१५ सालीं केंद्राची कन्यारक्षणाची योजना सुरू झाली, ती प्रथम शंभर जिल्ह्यांत. हे जिल्हे २०११ च्या बालकांच्या प्रमाणावरून निवडले होते, आणि त्यांत बीड होता. विलोबीच्या रकान्यांपासून या यादीपर्यंतची परंपरा अखंड आहे.

आंकड्याचा अर्थ लावतांना होणाऱ्या भ्रमाचीं आणखी दोन उदाहरणें देतों. २०११ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या, आणि मुंबई शहरांत ८३२. यावरून कोंकणांत स्त्रियांचें राज्य आहे असें कोणी म्हणेल काय? कोंकणचा चाकरमानी मुंबईस असतो. रत्नागिरीचा जादा आंकडा व मुंबईची तूट हीं पुष्कळ अंशीं एकाच मनिऑर्डरीचीं दोन टोकें आहेत. दुसरें उदाहरण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचें. त्यांत दर हजार पुरुषांमागें १०२० स्त्रिया भरल्या, आणि स्त्रिया पुरुषांहून अधिक झाल्याचा डंका वाजला. परंतु ती पाहणी निवडक घरांची. छावण्या, वसतिगृहें व कामाच्या ठिकाणीं राहणारे पुरुष तिच्या बाहेर पडतात. त्याच अहवालांत मागील पांच वर्षांत जन्मलेल्या मुलांचें प्रमाण हजार मुलग्यांस ९२९ मुली असें दिलें आहे. तें पान डंका वाजविणाऱ्यांनीं उलटलें नाहीं.

१९९५ सालापासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानें, व २००६ सालापासून जागतिक आर्थिक मंचानें, आयुर्मान, शिक्षण, मिळकत व सत्ता यांचे आंकडे एकत्र करून देशांचे क्रम लावण्याचा परिपाठ पाडला आहे. त्यांचा उपयोग नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण दशमुळांच्या काढ्यांत कोणत्या मुळीनें गुण आला हें चवीवरून सांगतां येत नाहीं, तशी या एकत्रित अंकांची गत आहे. नीति ठरविणाऱ्यानें काढा घ्यावा, पण मुळ्यांची यादी हातीं ठेवावी.

(५) उपसंहार

वरील विवेचनावरून तीन नियम निष्पन्न होतात. पहिला, आंकडा हा कागदच आहे. तो कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला व त्यांत कोणाचा लाभ आहे, हें पाहिल्यावांचून तो प्रमाण मानूं नये. दुसरा, रकान्याचें शीर्षक वाचल्यावांचून रकाना वाचूं नये; व्याख्या बदलली कीं माणसें नाहींशीं होतात. तिसरा, करार किंवा कायदा झाला म्हणजे कार्य झालें असें समजूं नये. त्याचा पडताळा पाहणारी नियमित मोजणी नसेल तर तो छावणींत आणलेल्या चार मुलींसारखा केवळ समाधानापुरता राहतो.

हा विषय केवळ गतकाळाचा नाहीं. २०२१ सालची शिरगणती महामारीमुळें त्या वर्षीं झाली नाहीं. ती २०२७ सालीं करण्याचें २०२५ सालीं जाहीर झालें. २०२३ सालच्या घटनादुरुस्तीनें लोकसभा व विधानसभा यांतील एकतृतीयांश जागा स्त्रियांस देऊं केल्या, पण त्यांचा अंमल पुढील शिरगणती व मतदारसंघांची फेररचना यांवर अवलंबून ठेवला. मोजणीस विलंब म्हणजे हक्कास विलंब, असा योग दप्तराच्या इतिहासांत क्वचितच इतका उघड दिसला असेल.

शेवटीं आम्हां कागदपत्रें जमविणारांविषयीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्हीं एका घराण्याची वंशावळ नकलून घेतली. मूळ कागदांत सात पिढ्यांपर्यंत पुत्रांच्या नांवांशेजारीं कन्यांचे आंकडे होते. नक्कल छापावयास देतांना जागा वांचावी म्हणून आम्हीं ते आंकडे गाळले. नांवें नाहींत, मग नुसत्या आंकड्यांचा उपयोग काय, असें तेव्हां वाटलें. पुढें मूळ कागद वाळवीनें खाल्ला. आतां त्या घराण्यांत किती कन्या जन्मल्या हें सांगण्यास कोणतेंहि साधन उरलेलें नाहीं, आणि तो दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, ज्यांच्या संग्रहीं वंशावळी, मुलींच्या जन्मपत्रिका, बारशाचे व लग्नाचे खर्च, वारसाहक्काचे महजर असतील त्यांनीं त्यांतील कन्यांच्या नोंदी, मग त्या केवळ आंकड्यांच्या कां असेनात, जशाच्या तशा उतराव्या व छापाव्या. दोनशें वर्षांपूर्वीं परक्या अधिकाऱ्यानें जो रकाना आंखला तो आपल्या घरच्या कागदांतून भरून काढणें आपल्या हातीं आहे.